हापशाचे मार्क

रायभान खुर्चीत बसायचा तोही उठून निघायच्या बेतात असल्यासारखा. एक पाय टेबलाखाली, दुसरा दाराकडे वळलेला. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागायचं आणि त्याच्या चपला कधी जोडीनं पडलेल्या दिसल्या नाहीत. एक इकडं, एक तिकडं, जसा काही कुणीतरी हाक मारली म्हणून धावत आत गेलाय.

एकोणीसशे नव्वद साली परभणीत आमचं पाणी तपासणीचं केंद्र निघालं. जिल्ह्यातल्या हापशांचं आणि विहिरींचं पाणी बाटल्यांतून यायचं, मागच्या खोलीत तपासलं जायचं आणि निकाल कॉम्प्युटरमध्ये भरले जायचे. भरायचं काम रायभानचं. मी मराठी टंकलेखक, माझं मशीन बाहेरच्या व्हरांड्यात. त्याच्या खोलीला पडदे आणि थंड हवा, माझ्याकडे पंखा आणि रस्त्याची धूळ. तरी दर अर्ध्या तासाला तोच बाहेर येऊन माझ्या टेबलाला टेकून उभा राहायचा.

"काय झालं?" मी विचारायची.

"काई न्हाई बाई. पाय आखडायलेत."

तो पालमकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. वडील येडबा वर्षातले सात-आठ महिने कळप घेऊन गोदावरीकाठानं फिरायचे. रायभान वसतिगृहात राहून बी.एस्सी. झाला, औरंगाबादला कॉम्प्युटरचा कोर्स केला. घरात पहिलाच नोकरीला लागलेला. आई कासाबाई एकदा केंद्रात आली होती. पोराला बंद खोलीत काचेसमोर बसलेला बघून तिनं मला हळूच विचारलं, "बाई, ह्याला बाहीर सोडतेत का न्हाई?"

कॉम्प्युटरमधून निकाल बाहेर निघायचा तो दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांबलचक कागदावर. मशीन करकर करत छापायचं. गावाचा कोड, हापशाचा कोड आणि पुढे आकडे. सगळं इंग्रजीत. एक प्रत मुंबईला जायची, एक पंचायत समितीला, एक ग्रामपंचायतीला. गावात ती गेली की आमचं काम संपलं, असं आमचे प्रमुख किशनराव साहेब धरून चालायचे. साहेब वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती आणि ती त्यांना बिनबोभाट काढायची होती.

रायभानची थोरली बहीण नर्मदाबाई कवठटेकला दिलेली होती. पालमपासून पुढे कच्च्या रस्त्यावरचं गाव. तिथं दोन हापसे. एक पारापाशी, गावाच्या मध्यावर. दुसरा ओढ्याच्या अंगाला, भीमनगरात. पारावरच्या हापशाचं पाणी गाव प्यायचं, ओढ्याकडच्या हापशाचं भीमनगर. कुणी तसा फलक लावला नव्हता, लागतही नव्हता.

एक्याण्णवच्या दिवाळीत रायभान भाऊबीजेला बहिणीकडे गेला. परत आला तो थेट माझ्या टेबलापाशी. पिशवीही खाली ठेवली नाही.

"बाई, त्यांनी आपला कागद हार घालून लावलाय."

"कुठं?"

"ग्रामपंचायतीच्या भिंतीला. वर कुंकू लावलंय."

त्यानं सांगितलं ते असं. सरपंच व्यंकटरावांनी त्याला मोठ्या कौतुकानं तो कागद दाखवला होता. म्हणाले, "तुमच्या हापिसाचा निकाल आला बगा, पाव्हणे. आपला हापसा लय पुढं गेला. चार पॉईंट दोन मार्क. भीमनगराला नुसते पॉईंट सहा पडले."

मला हसू आलं. मी तोंडावर पदर धरला, पण रायभान हसत नव्हता.

"तो फ्लोराइडचा आकडा हाय, बाई. जितका जास्त तितकं वाईट. दीडच्या वर गेला की प्यायचं न्हाई. आन् हे लोक चार पॉईंट दोनला हार घालायलेत." तो पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होता, सोडत होता. "अक्काच्या लेकरांचे दात बगितले मी. पिवळे, वर चॉकलेटी डाग. तिच्या सासऱ्याची, आश्रुबामामांची मान वळत न्हाई. आख्खं अंग वळवून बगतेत. म्हातारपण म्हणतेत त्याला. साठ तरी झालेत का मामाला?"

"मग तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. सरपंच म्हणले, असं कागदावर कुठं लिवलंय? दाजी म्हणले, मेव्हणे, शिकून लय शंका यायल्यात तुमाला. कागदावर आणा म्हणले."

त्यानंतरचे चार महिने त्यानं कुणाला स्वस्थ बसू दिलं नाही, मला तर नाहीच. आधी तो साहेबांकडे गेला. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, निकाल मराठीत काढू."

"आपलं मशीन मराठी छापतं का?"

"न्हाई छापत. पण काहीतरी करता येईल."

"रायभान, आपलं काम माहिती वर पाठवायचं. खाली समजावून सांगायला वेगळं खातं आहे."

"त्या खात्यातून कोण येतं, साहेब? मी त्या गावात वर्षातून तीनदा जातो. कुणी येत न्हाई."

साहेबांनी चष्मा पुसला. "आणि समजा मराठीत काढलं, कवठटेकच्या कागदावर काय लिहिशील? पाराजवळचं पाणी पिऊ नका, भीमनगरचं प्या? असं लिहिशील? ह्या दिवसांत?"

ह्या दिवसांत म्हणजे काय ते परभणीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन तेरा वर्षं उलटली होती. अठ्ठ्याहत्तरला गावोगाव जे झालं ते झालं, आणि त्यानंतर दर मोर्चाला, दर बंदला, माणसं एकमेकांकडे बघून घ्यायची. रायभान मागं वळला. बाहेर आला आणि व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिला. माझं टायपिंग चुकायला लागलं तेव्हा मी म्हटलं, "अरे, एक तर बस नाहीतर जा." तो गेला. भर उन्हात रेल्वे फाटकापर्यंत चालत जाऊन आला आणि म्हणाला, "बाई, एक सुचलंय."

त्याला सुचलेलं पहिलं काही चाललं नाही. त्यानं मराठी वाक्यं इंग्रजी अक्षरांत छापली. HE PANI PIU NAKA. झरीच्या एका शेतकऱ्याला तो कागद दाखवला. तो बिचारा कागद उलटासुलटा करून म्हणाला, "साहेब, इंग्रजी येत न्हाई हो आमाला." रायभाननं कागद चुरगाळून खिशात घातला.

मग दुसरी युक्ती. मराठी मजकूर मी स्टेन्सिलवर टाईप करायचा, चक्रमुद्रणावर त्याच्या प्रती काढायच्या. त्या प्रतींवर दोन वाक्यं असतील, एक चांगल्या पाण्याचं आणि एक वाईट पाण्याचं. गावातल्या प्रत्येक हापशासाठी अशी एक जोडी, वर हापशाच्या नावासाठी जागा कोरी. तो कागद त्याच्या छपाईच्या मशीनमध्ये घालायचा. कॉम्प्युटर प्रत्येक हापशाचा आकडा बघेल, दीडच्या वर असला तर चांगलं वाक्य फुल्यांनी खोडेल, खाली असला तर वाईट वाक्य खोडेल. मराठी माझी, खोडाखोडी मशीनची.

"आणि हापशाचं नाव?"

"ते तुमी हातानं लिवायचं. तुमचं अक्षर चांगलं हाय."

मजकुरावरून आमचं चांगलंच वाजलं. मी सरकारी मराठीत वाढलेली. मी टाईप केलं, 'सदर स्रोतातील पाण्यामध्ये फ्लोराइडचे प्रमाण विहित मर्यादेपेक्षा अधिक आढळून आल्याने सदर पाणी पिण्यास अयोग्य आहे.'

त्यानं वाचलं. "सदर म्हंजी काय?"

"सदर म्हणजे हे."

"मग हे म्हणा की."

"हे काय कार्यालयीन दिसतं का?"

"बाई, अक्काला वाचून दाखवायचंय मला. अक्का दुसरी शिकलीय."

शेवटी उरलं ते एवढंच. 'या हापशाचे पाणी पिऊ नका. दात आणि हाडे खराब होतात. उकळले तरी उपयोग नाही.' आणि दुसरं, 'या हापशाचे पाणी पिण्यास चांगले आहे.' मी म्हटलं, खाली बारीक अक्षरात आकडाही छापू दे. तो एकदम उसळला. "आकडा नको. आकडा दिसला की मार्क मोजतेत. आकड्यानंच घोटाळा केलाय." मी आग्रह धरला नाही.

हापशांची नावं मिळवायला तो सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरला. आमच्या कोडला गावात कुणी ओळखत नव्हतं. लोकांची नावं वेगळीच होती. पाराजवळचा हापसा, शाळेमागचा, चिंचेखालचा, म्हातारीचा हापसा. ते दिवस तो खूष होता. पायांना काम होतं. वालूरहून, झरीहून, कुठून कुठून धुळीनं माखून यायचा आणि नावांची यादी माझ्यापुढं टाकायचा.

साहेबांनी शेवटी होकार दिला, तोही अर्धामुर्धा. "थोड्या गावांना पाठवून बघ. बोभाटा झाला तर मी काही सही केलेली नाही." ब्याण्णवच्या होळीनंतर पहिले कागद निघाले. रायभाननं ते मशीनमध्ये घातले, मी शेजारी बसून त्याच्या यादीवरून क्रमानं नावं लिहीत गेले. शिक्के मारले. त्याला स्वतः कवठटेकला जायचं होतं, पण त्याच आठवड्यात साहेबांनी त्याला औरंगाबादला बैठकीला धाडलं. कागद एस.टी.नं पालमला आणि तिथून ग्रामसेवकाच्या हाती गेले.

तो औरंगाबादहून परत आला त्या शनिवारी नर्मदाबाई केंद्रात आली. दातांच्या डॉक्टरला दाखवायला पोरीला घेऊन परभणीला आली होती, जाता जाता भावाला भेटायला. चेहरा हलका झालेला. व्हरांड्यात बसून ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "बरं झालं बाप्पा, तुजा कागद आला. उगीच घोर लावला व्हतास जिवाला."

रायभान दारातच थांबला. "काय आलं कागदात?"

"पाराजवळचा चांगला निघाला. तूच म्हणला व्हतास न्हवं का खराब हाय म्हणून? सरपंचानं सगळ्यांम्होरं वाचून दाखवलं. भीमनगरचा खराब निघाला."

"उलटं, अक्का."

"काय उलटं? बाईच्या अक्षरात लिवलंय."

तो आत धावला. चपला काढल्या नाहीत. मी मागोमाग गेले. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं वर सरकत होती. त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं, मग यादीवर, मग पुन्हा पडद्यावर. छापण्याआधी त्यानं कॉम्प्युटरला सांगितलं होतं, प्रत्येक गावात वाईट पाणी आधी घे. म्हणजे घाईचं असेल ते वर येईल असा त्याचा विचार. पण माझ्यापुढं ठेवलेली नावांची यादी जुन्याच क्रमाची राहिली. काही गावांत दोन्ही क्रम योगायोगानं जुळले. काही गावांत उलटे पडले. कवठटेकच्या जुन्या यादीत भीमनगर आधी होतं.

आकडा कागदावर असता तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. निदान ग्रामसेवकाच्या. तो नव्हता.

रायभान बाहेर आला, बहिणीसमोर उकिडवा बसला. "अक्का, भीमनगरचे लोक मग कुठलं पाणी प्यायलेत?"

नर्मदाबाईनं पोरीची वेणी नीट करायला घेतली. "बाया आल्या व्हत्या पाराकडं. कळशा घिऊन. कुसुमबाई म्हणली, आमचं खराब हाय तर इथलं द्या. सरपंचानी, आमच्या ह्यांनी, सगळ्यांनी परत लावलं. बोलाचाली झाली जरा." मग हळूच, "नदीतला झिरा उकरायल्यात म्हणं. लय लांब हाय."

रायभाननं पिशवी उचलली. मीही उठले. कागदावर अक्षर माझं होतं, कुणी विचारलं तर दाखवायला माणूस हवं, एवढंच मनात आलं. शनिवार, अर्धा दिवस. आम्ही तिघं आणि ती पोरगी पालमच्या गाडीत बसलो. वाटेत रायभाननं एकदाही खिडकीतून बाहेर बघितलं नाही. समोरच्या सीटचा लोखंडी दांडा धरायचा, सोडायचा. गंगाखेडला गाडी थांबली तर खाली उतरून उभा राहिला आणि कंडक्टरनं दोनदा बेल दिल्यावर चढला.

कवठटेकला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. नर्मदाबाई घराकडे वळली. रायभान गावात शिरलाच नाही, ओढ्याच्या अंगानं थेट भीमनगराकडे.

हापशाजवळ कुणी नव्हतं. दांड्याला कापडाची चिंधी बांधलेली, लेकरांनी पाणी काढू नये म्हणून. कुसुमबाई दारात डोक्यावरची घागर उतरवत होती. चाळिशी उलटलेली, काटक बाई. घागरीतलं पाणी गढूळ होतं.

"मावशी, मी पाणी तपासणीच्या हापिसातला."

"वळखलं. मुंजाजीचा मेव्हणा न्हवं का तू? नावं इचारत फिरत व्हतास."

"तो कागद उलटा आला. तुमचं पाणी चांगलं हाय. पारावरचं खराब हाय."

तिनं घागर चुंबळीवर टेकवली. मग हापशापाशी गेली, चिंधी सोडली, दांडा मारला. पाणी यायला वेळ लागला. आलं तेव्हा ओंजळ धरून प्याली, तोंड पुसलं.

"म्हंजी चांगलंच व्हतं," ती म्हणाली.

"हो."

"आन् आमी चार दिस झिरा उकरायलाव. पारावर जाऊन हात पसरले. आमच्या पोरी म्हणल्या व्हत्या, आई, जाऊ नको. मी म्हणलं, आता सरकारी कागदच हाय, आता कसे न्हाई म्हणतेल."

मीच म्हटलं, "चूक झाली, बाई."

कुसुमबाई माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही तिनं. "अठ्ठ्याहत्तरला आमचं घर जाळलं. नंतर दोघं जण आले, म्हणले, तुमचं न्हवतं जाळायचं, शेजारचं समजून चुकून झालं. तुमी बी तसंच म्हणायलाव का?"

"न्हाई," रायभान म्हणाला. "चुकून झालं म्हणत न्हाई मी. मी केलं. क्रम मी बदलला आन् बगितलं न्हाई."

त्या बाईनं पदर खोचला. "मग पारावर चल. हितं सांगितलं तसंच तितं सांग. मी हाय संगं."

पाराजवळ माणसं होती. शनिवार, मारुतीला तेल घालायला आलेली. व्यंकटराव ओट्यावर बसले होते. त्यांना वाटलं, पाव्हणा भेटायला आलाय. "या, या," म्हणाले. मग मागे कुसुमबाई दिसली आणि त्यांचं बोलणं थांबलं.

रायभान उभ्यानंच बोलला. शब्द सरळ होते. कागदावर नावं उलटी पडली. ह्या हापशाचं पाणी खराब आहे. तिकडचं चांगलं. दोष कॉम्प्युटरचा नाही, माझा.

"थांबा," व्यंकटराव म्हणाले. "दिवाळीला तुमी म्हणले खराब. आमी म्हणलं कागद आणा. कागदात आलं चांगलं. त्यावर शिक्का हाय. आता तुमी म्हणायलाव कागद खोटा. मग आमी नेमकं कशावर इस्वास ठिवायचा?"

खरं तर त्यांचं बरोबर होतं. रायभानलाही ते कळलं असावं.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "तिकडून कायतरी मिळालं असंल." कुणी हसलं. मुंजाजी, नर्मदाबाईचा नवरा, पुढे आला. रागानं लाल झालेला. "मेव्हणे, घरी चला. उगं गावात माजी इज्जत काढू नका."

"दाजी, लेकरांचे दात बगा तुमच्या."

"दात माज्या लेकराचे हायेत!"

मी पुढे झाले. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा कागद काढून आणायला सांगितला, कुणी हललं नाही. मग कुसुमबाईच गेली, चिकटवलेला कागद कडेनं सोडवून आणला. मी माझ्या पेनानं दोन्ही नावं खोडली, बरोबर लिहिली, खाली सही केली. रायभाननं त्याखाली सही केली आणि आकडे घातले. पारावरचा, चार पॉईंट दोन. भीमनगर, पॉईंट सहा. दीडच्या वर वाईट. ते लिहिताना पेनाची निब कागदातून आरपार गेली.

व्यंकटरावांनी कागद घेतला, घडी घालून खिशात ठेवला. "बगू," म्हणाले. "सभा घिऊ." ती सभा कधी झाली नाही.

त्या संध्याकाळी नर्मदाबाईच्या घरी मुक्काम केला. मुंजाजी जेवला नाही. आश्रुबा खाटेवर बसून होते. मान न वळवता, अख्ख्या अंगानं रायभानकडे वळून त्यांनी विचारलं, "ते आकडे तू सोता बगितले का?"

"हो मामा."

"बाटलीत पानी कुणी भरलं व्हतं?"

"मीच. दिवाळीला परत तपासायला नेलं व्हतं."

म्हातारा हूं म्हणाला आणि परत भिंतीकडे वळला.

सकाळी मला जाग आली ती भांड्यांच्या आवाजानं. नर्मदाबाईनं कळशी घासून घेतली होती. मुंजाजी दारात उभा. ती त्याच्या बाजूनं गेली. तो म्हणाला, "नर्मदे." ती थांबली नाही. आम्ही दोघं मागून निघालो, बरंच अंतर ठेवून. रस्त्यात बायनाबाई म्हणून शेजारीण भेटली, कळशी बघून विचारलं, "कुटं?" नर्मदाबाईनं हातानं ओढ्याकडे दाखवलं. बायनाबाई तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

हापशावर भीमनगरच्या तीन-चार बाया होत्या. कुसुमबाई दांडा मारत होती, तिनं वर बघितलं.

"पानी पायजे," नर्मदाबाई म्हणाली.

मला वाटलं, आता ही बाई परत लावणार. लावली असती तरी मी तिला काही म्हटलं नसतं.

"नंबर लाव," कुसुमबाई म्हणाली. "तानुबाईच्या मागं."

नर्मदाबाई तानुबाईच्या मागं उभी राहिली. रायभान दूर बाभळीखाली उभा होता. तिचा नंबर आला, तिनं दांडा धरला, कळशी भरून डोक्यावर घेतली आणि चालू लागली. कुसुमबाईनं पुढच्या बाईला खूण केली. रायभान तिथंच मातीत बसला, दोन्ही पाय पसरून.

सगळं गाव काही ओढ्याकडे गेलं नाही. आधी बायनाबाई गेली, मग ज्यांची लेकरं लहान होती त्या. पुष्कळ घरांनी पारावरचंच पाणी चालू ठेवलं. व्यंकटरावांकडे गडी बैलगाडीवर टाकी ठेवून पाणी आणायचा. कुठून आणतो ते कुणी विचारत नव्हतं. मुंजाजी महिनाभर बायकोशी धड बोलला नाही, पण कळशीतलं पाणी प्यायचा. आश्रुबा म्हणाले, "माजं काय राहिलंय. मी हितलंच पितो. लेकरांना ते पाजा." ते शेवटपर्यंत पारावरचंच प्यायले.

रायभाननं बाकीच्या उलट्या गावांनाही स्वतः जाऊन कागद बदलले. परत आला तेव्हा त्याच्या टेबलावर खुलाशाची नोटीस होती. सरपंचांची तक्रार आली होती आणि किशनराव साहेबांनी म्हटल्याप्रमाणे कशावरही सही केलेली नव्हती. त्यानं खुलासा लिहिला, माझ्याकडून टाईप करून घेतला. त्यात 'सदर' एकदाही नव्हतं. मे महिन्यात त्याच्या तात्पुरत्या नेमणुकीची मुदत संपली आणि वाढवली गेली नाही. जायच्या दिवशी त्यानं स्टेन्सिलचा मजकूर बदलून दिला. खाली आकड्याची जागा ठेवली होती.

"तूच नको म्हणाला होतास."

"राहू द्या बाई. वाक्य समजायला पायजे, आन् आकडा भांडायला पायजे. नुसतं वाक्य उलटं पडलं तर कुणाच्या ध्यानात येत न्हाई."

ते कागद नंतर निघाले का? निघाले, काही काळ. मग साहेब निवृत्त झाले, नवे आले, मशीनमध्ये मराठी अक्षरं आली आणि 'सदर' परत आलं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला. त्या दिवसांत परभणीत रस्ते रिकामे असायचे. फेब्रुवारीत एकदा मला रायभान बसस्टँडवर भेटला. वाळला होता, खांद्याला पिशवी. मी आधी कवठटेकचं विचारलं.

"निर्णय आला तवा गावानं ओढ्याकडं जाणं बंद केलं. आठ-दहा दिस. काही घरांनी तर कळशा फोडल्या, म्हणं. मग एकेक करून परत जायल्यात. सगळे न्हाई."

"आणि तुझी बहीण?"

"अक्का एक दिस बी थांबली न्हाई. दाजींनी तिला मारलं त्यात." तो इकडंतिकडं बघत होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर. "मी गेलो व्हतो. ह्या खेपेला कागद काई कामाचा न्हवता."

तो आता नांदेडकडे मेंढपाळांच्या एका मंडळात होता. कळपांच्या आजारांची, लशींची माहिती कॉम्प्युटरमध्ये ठेवायची आणि धनगरवाड्यांवर पाठवायची, असं काम. त्यानं पिशवीतून कागद काढला. "बाई, जरा मोठ्यानं वाचा. जिथं अडाल तिथं सांगा."

"इथं? बसस्टँडवर?"

"गाडी लागायलीय. वाचा."

मी वाचायला लागले. शेजारच्या बाकावरची माणसं ऐकू लागली. चौथ्या ओळीवर मी अडखळले. 'लस टोचल्यानंतर मेंढ्यांना दोन दिवस विश्रांती द्यावी.'

"मेंढीला विश्रांती?" शेजारचा एक म्हातारा म्हणाला. "ती काय खाटंवर निजती का?"

रायभाननं झटकन कागद ओढून घेतला, ओळ खोडली. तेवढ्यात नांदेडची गाडी लागली, लोक दाराकडे धावले. तो कागद दातात धरून, पेन मुठीत घेऊन गर्दीत शिरला, पायरीवर चढला, मागं वळून ओरडला, "मग काय लिवू, बाई?"

मी म्हाताऱ्याकडे बघितलं. तो विचार करत होता. "लांब हाकू नका म्हणावं," तो म्हणाला.

मी तेच ओरडून सांगितलं. पण बेल झाली होती, गाडी वळत होती, आणि रायभान खिडकीशी आला तेव्हा कानामागं हात धरून पुन्हा विचारत होता.